तळटीप : टॅलिलिन रेल्वे जतन संस्था

वेल्समधील टॅलिलिन रेल्वे हा पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ मध्ये बांधलेला सव्वादोन फुटी मार्ग. मालक सर हेडन जोन्स जुलै १९५० मध्ये वारले आणि गाडी बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा लेखक एल. टी. सी. रोल्ट व त्यांच्या स्नेह्यांनी ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या इम्पीरियल हॉटेलात सभा घेऊन ही संस्था उभी केली. स्लीपर कुजलेले, रूळ गवतात बुजलेले आणि धावते इंजिन एकच, ‘डॉलगॉख’. बंद पडलेल्या शेजारच्या कॉरिस रेल्वेची त्याच रुंदीची दोन इंजिने संस्थेने विकत घेतली. १४ मे १९५१ रोजी संस्थेची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे.
—संपादक