चौफेर ध्वनी आणि पाठभेदाचा प्रश्न

एकाच कृतीचे दोन पाठ समोर आले, की त्यांतला जुना कोणता आणि नवा कोणता, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला प्रथम पडतो. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हा आवडता अल्बम घरी पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा मांडणीवर ऐकताना आम्हांलाही तोच प्रश्न पडला. दोन स्पीकरांवर ऐकलेला स्टिरिओ पाठ हीच मूळ संहिता आणि सराउंड म्हणजे मागाहून चढवलेला साज, अशी सर्वसाधारण समजूत असते. इतिहास तिला दुजोरा देत नाही.

मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधील कार्यक्रमात या बँडने ‘ॲझिमथ को-ऑर्डिनेटर’ हे उपकरण वापरले होते. दांडा हलवून आवाज सभागृहाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरवणे, हे त्याचे काम. पुढे फेब्रुवारी १९७२ मध्ये लंडनच्याच रेनबो थिएटरमध्ये ‘डार्क साइड’ सादर झाला, तोही चौफेर ध्वनीची सोय असलेल्या यंत्रणेवर. तबकडी निघाली ती त्यानंतर वर्षभराने. ‘टाइम’च्या आरंभी एकदम खणखणू लागणारी घड्याळे तर ध्वनिअभियंता ॲलन पार्सन्स यांनी मुळात क्वाड्राफोनिक, म्हणजे चार वाहिन्यांच्या, ध्वनीच्या प्रात्यक्षिकासाठी ध्वनिमुद्रित केली होती. घरी ती चारी बाजूंनी अंगावर येतात तेव्हा जो भाग सर्वांत अलंकारिक वाटतो, तोच जन्माने चौफेर आहे.

पार्सन्स यांनी केलेला क्वाड्राफोनिक पाठ १९७३ मध्येच तबकडीवर आला. परंतु सीबीएस, सान्सुई, जेव्हीसी या कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या. चार स्पीकरांचा खर्चही मोठा होता. दशक संपण्यापूर्वीच ही कल्पना बाजारातून हद्दपार झाली आणि तो पाठ विस्मरणात गेला. २००३ मध्ये सराउंड परतले, ते जेम्स गथ्री यांच्या नव्या मिश्रणाच्या रूपाने. पार्सन्स यांचा जुना पाठ २०११ च्या संचात पुन्हा अधिकृतपणे उपलब्ध झाला, आणि २०२३ मध्ये गथ्री यांचा डॉल्बी ॲटमॉस पाठ आला. संहिता एक नाही; संपादकही एक नाही.

येथे एकनाथांचे स्मरण होते. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मूळ ग्रंथ एकच होता या श्रद्धेने. या अल्बमपाशी तशा श्रद्धेला आधार सापडत नाही. सोळा ट्रॅकच्या फितीवर निरनिराळ्या दिवशी साठवलेले आवाज हे त्याचे साहित्य आहे. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला क्लेअर टॉरी यांचा स्वर आधी तयार झालेल्या वादनावर जानेवारी १९७३ मध्ये घेतला गेला. मिश्रण होईपर्यंत कृती पूर्ण होत नाही. म्हणून प्रत्येक मिश्रण ही प्रत नसून स्वतंत्र रचना ठरते.

तरीही सर्व पाठ समान मोलाचे, असे आम्ही म्हणणार नाही. स्टिरिओ पाठ बँडच्या देखरेखीखाली सिद्ध झाला आणि जगाने तोच आत्मसात केला. ही लोकमान्यता हाही एक प्रामाण्याचाच प्रकार आहे. त्या पाठात वेळ, पैसा आणि वेड यांचे नाट्य समोर उभे राहते. आपण प्रेक्षक असतो. सराउंडमध्ये तेच नाट्य आपल्याला वेढते. ‘मनी’तल्या नाण्यांचा खणखणाट पाठीमागून आला, की पैशाविषयीचा उपरोध दुरून पाहण्याची सोय उरत नाही. अर्थ बदलतो, तो केवळ आवाजाच्या जागेमुळे.

म्हणून ‘अस्सल अनुभव’ ही जाहिरातीची भाषा बाजूला ठेवावी, आणि वर्गात पुस्तकाबाबत विचारतो तेच येथेही विचारावे: हा पाठ कोणी, केव्हा आणि कोणत्या श्रोत्यासाठी सिद्ध केला? उत्तर माहीत असेल, तर खोलीत दोन स्पीकर असोत वा सहा, ऐकणे डोळस होते.