शाळेच्या बीबीसी कॉम्प्युटरचे रंग

चपला बाहेर काढून संगणक कक्षात जायचे, हे आपल्या बॅचमध्ये कोणी विसरले नसेल. आतले लाल फंक्शन कीजचे मशीन म्हणजे बीबीसी मायक्रो. बीबीसीच्या संगणक साक्षरता उपक्रमासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते डिसेंबर १९८१ मध्ये आणले. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, त्यात हेच मशीन निवडले गेले. मेमरी फक्त ३२ केबी. ‘मोड २’मध्ये आठ रंग दिसत, पण त्यातली २० केबी एकट्या पडद्यालाच लागे.

आपण आठवीत असताना एक दिवस हे रंग गेले. रंगीत मॉनिटर दुरुस्तीला गेला होता, म्हणून मशीन शाळेच्या टीव्हीला जोडले आणि चित्र कृष्णधवल आले. आदल्या तासाला आपला एक मित्र मशीनच्या मागे वाकून वायरी बघत होता. त्यानेच बिघडवले असे ठरले आणि वर्षभर त्याला कक्षाबाहेर बसवले. वर्गप्रमुख म्हणून वहीत त्याचे नाव लिहिणारी मीच होते.

स्नेहमेळाव्याच्या प्रदर्शनासाठी ते मशीन यंदा माळ्यावरून खाली काढले आणि दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले. आधी पॉवर सप्लायमधले तडकलेले जुने कपॅसिटर बदलले. बटण दाबल्यावर तोच दोन सुरांचा आवाज आला. आठ रंगांचे पट्टे काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तर टीव्हीवर आठही पट्टे करडे! टीव्ही बदलला, केबल बदलली, फरक नाही. पण प्रत्येक पट्ट्याची छटा वेगळी होती, म्हणजे मशीन रंग ओळखत होते. मग एक जुना आरजीबी मॉनिटर मिळवून सहा पिनांच्या सॉकेटला जोडला. लाल, हिरवा, पिवळा, निळा, सगळे लख्ख!

म्हणजे बिघाड नव्हताच. या मशीनच्या व्हिडिओ सॉकेटमधून मुळात कृष्णधवल चित्रच बाहेर पडते. रंगाचा संकेत त्यात मिसळला की बारीक अक्षरांच्या कडा फिसकटतात, म्हणून तो जोडलेलाच नसतो. बोर्डावर ‘एस३९’ अशी खूण असलेली जागा आहे, तिथली दोन टोके जोडली की रंग त्या सॉकेटपर्यंत पोचतो. आपल्या बोर्डावर ती टोके मोकळीच होती आणि तिथे कधी डाग दिल्याची खूणही नव्हती. मी ती जोडली. रंग आले, पण मधूनच जात होते. पॅल पद्धतीत रंगाचा संकेत ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर येतो. ती जरा सरकली तरी टीव्ही रंग सोडून देतो. क्रिस्टलजवळचा छोटा ट्रिमर प्लॅस्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने किंचित फिरवला आणि पट्टे स्थिर झाले.

तेव्हा सरांकडे मशीनचे मॅन्युअल नव्हते, आमच्याकडे विचारण्याचे धैर्य नव्हते. मित्राने मात्र “मी काही केलं नाही” असे तीनदा सांगितले होते. त्याला मी फोन करून सगळे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, “चला, निकाल लागला एकदाचा!” मला मात्र हसू आले नाही.

प्रदर्शनात मशीन सुरू असेल. कीबोर्डवर पहिला नंबर त्याचा आहे. बाकीच्यांनी रांगेत उभे राहावे. चपला बाहेर काढूनच!