केडगावला गेलेल्या यतीम मुली

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळत होता. पंडिता रमाबाई तिथे गेल्या आणि उपाशी, अनाथ अशा शेकडो मुली व बायकांना पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आल्या. तिकडून पुण्याकडे येणारा लोहमार्ग आमच्या भुसावळवरून जातो, म्हणून हा इतिहास मला घरचा वाटतो.

रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात नेले. 1893 मध्ये तिथल्या धर्मांतरावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. सेवा आणि धर्म रमाबाईंनी कधी वेगळे मानले नाहीत, आणि ते लपवलेही नाही.

पण दुष्काळातल्या या मुलींना परत न्यायला कोणी पालकच उरले नव्हते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न मिळाले, अक्षरे मिळाली, हाताला काम मिळाले. तिथला छापखानाही बायकाच चालवत.

सूरह माऊनमध्ये यतीमाला धक्के मारून हाकलणारा हा दीन नाकारणाऱ्यांत गणला आहे. त्याच सूरहमध्ये दिखाऊ नमाजींनाही इशारा आहे. म्हणून मला वाटते, रमाबाईंच्या हेतूची चौकशी जरूर करावी, पण ती करण्याआधी आपल्या मोहल्ल्यातले यतीम आज कोणाच्या भाकरीवर वाढत आहेत, याचा हिशोब आपण मांडावा.