लाकडाचे माप आणि शेतकऱ्याचा दाम



बारामती-इंदापूर भागात बांधावरची बाभूळ म्हणजे घरची ठेव. लेकीचं लग्न निघालं, विहिरीचं काम अडलं, की झाडाकडे नजर जाते. पूर्वी नांगर, कुळव, गाडीची चाकं बाभळीचीच असत. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला, ऊस वाढला, आणि उसाच्या लाकडी चरकालाही हेच चिवट लाकूड लागे.

त्या काळी झाडाचा सौदा नगावर, नजरेने ठरे. सुताराकडे २४ तसूंचा गज असे. पण गजाची लांबी सगळीकडे एकसारखी नव्हती. पुढे इंग्रजी अमलात फूट, इंच आणि घनफूट आले. त्यांच्याबरोबर गोल ओंडका मोजायची 'पाव घेराची' रीतही आली. एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराने १७३६ साली तयार कोष्टकांचे पुस्तक काढले, त्यावरून या मापाला हॉपसचे नाव पडले.

रीत सोपी आहे. ओंडक्याच्या मध्यावर दोरीने घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि मग लांबीने गुणायचे. घेर ४ फूट, लांबी १० फूट असेल, तर माप झाले १० घनफूट. पण ओंडका गोल असतो. त्याचे खरे घनफळ १२.७३ घनफूट भरते. म्हणजे पाव घेरात शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तरच मोजले जातात. साल आणि तासकामातली तूट यात धरली आहे, असे समजले जाई.

दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. घनफुटाच्या जोडीला घनमीटर आला. १ घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट. मात्र एकक बदलले तरी पाव घेराची रीत अनेक ठिकाणी तशीच राहिली. घोटाळा होतो तो इथेच.

आता वरचाच ओंडका घ्या. खालचे दर फक्त हिशेबासाठी धरले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत.

पहिला व्यापारी म्हणतो, घनफुटाला ५०० रुपये, माप पाव घेराचे. मिळाले ५,००० रुपये.
दुसरा म्हणतो, घनमीटरला १४,५०० रुपये, माप खऱ्या घनफळाचे. ओंडका भरला ०.३६०५ घनमीटर. मिळाले सुमारे ५,२२५ रुपये.
तिसरा म्हणतो, घनमीटरला १६,००० रुपये, पण माप पाव घेराचे. ओंडका भरला ०.२८३ घनमीटरच. मिळाले सुमारे ४,५३० रुपये.

बघा, घनमीटरचा चढा दर सांगणाराच सर्वांत कमी पैसे देतो! पाव घेराची रीत म्हणजे फसवणूक नव्हे. पण दर एका मापाचा आणि मोजणी दुसऱ्या मापाची झाली, की नुकसान ठरलेलेच.

म्हणून सौदा करताना एवढे ध्यानात ठेवा.

१. दर विचारण्याआधी माप विचारा : पाव घेर की खरे घनफळ? घेर सालीसकट की साल काढून?
२. खरे घनफळ घरी काढता येते. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १२.५७. सर्व मापे फुटांत घ्या.
३. काट्यावर विकत असाल तर उशीर महागात पडतो. ओले लाकूड वाळले की वजन घटते.
४. उक्ता सौदा करण्याआधी उभ्या झाडाचा घेर स्वतः मोजून लिहून ठेवा.
५. तोडीआधी परवानगी लागते का, हे तलाठी किंवा वनखात्याकडे विचारा.

झाड वाढायला पंधरा-वीस वर्षे लागतात, विकायला एक दुपार. त्या दुपारी खिशात दोरी आणि पेन्सिल असू द्या.