दिवाणखान्यातल्या डबड्याची बखर

गेल्या काही महिन्यांत घरातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "टीव्हीला जोडायला कुठला डबा घेऊ रे?" पहिल्याला फोनवर उत्तर दिलं, दुसरीला लांबलचक मेल पाठवली. तिसऱ्यांदा म्हटलं, आता एकदाच काय ते इथे लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसता दुवा पाठवता येईल.

लिहायला बसलो आणि लक्षात आलं की याचं उत्तर दुकानातल्या किमतींपेक्षा इतिहासात जास्त आहे. हे डबे कोणी बनवले, कशासाठी बनवले आणि पुढे त्यांचं काय झालं हे पाहिलं की काय घ्यावं ते बरंचसं आपोआप कळतं. म्हणून ही छोटीशी बखर. नेहमीप्रमाणे लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. :)

तर मंडळी, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हापासून कितीतरी वर्षं टीव्हीचा एकच नियम होता. ते दाखवतील तेव्हा आपण बघायचं. व्हीसीआरने हा नियम थोडा वाकवला, पण कॅसेट मागेपुढे करण्यात अर्धा जीव जायचा. तो खऱ्या अर्थाने मोडला १९९९ साली अमेरिकेत. त्या वर्षी टिवो आणि रीप्लेटीव्ही ही दोन यंत्रं बाजारात आली. दोन्हींच्या पोटात कॅसेटऐवजी हार्ड डिस्क होती. चालू कार्यक्रम मध्येच थांबवायचा, पाणी पिऊन यायचं आणि तिथूनच पुढे बघायचं, हे सामान्य घरात पहिल्यांदा जमू लागलं. गंमत म्हणजे टिवोच्या आत लिनक्स चालत होतं. टीव्हीला जोडलेला डबा हा खरं तर एक कॉम्प्युटर आहे, ही गोष्ट तेव्हाच सिद्ध झाली होती, फक्त बाहेरून तसं दिसत नव्हतं. रीप्लेटीव्ही काढणाऱ्या माणसाचं नाव अँथनी वुड. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

त्याच वर्षी नॉर्वेत योन लेक योहानसन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा प्रकाशात आला. डीव्हीडीवरच्या चित्रपटांना कुलूप असतं. डीसीएसएस नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅमने ते उघडता आलं. लिनक्सवर आपलीच विकत घेतलेली डीव्हीडी बघता यावी, हा त्याच्या बाजूचा मुद्दा होता. त्याच्यावर खटला झाला, आणि २००३ साली तो दोन वेळा निर्दोष सुटला, आधी खालच्या कोर्टात आणि मग अपिलात. "मी पैसे देऊन आणलेली वस्तू मला हव्या त्या यंत्रावर बघता आली पाहिजे का?" हा प्रश्न तिथून सुरू झाला तो आजतागायत चालूच आहे.

तिकडे पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या कॉलेजात पोरांना वसतिगृहासाठी वेगवान नेटवर्क हवं होतं. नेटवर्कवरून टीव्ही दाखवायचा प्रकल्प १९९६ साली त्यातून उभा राहिला. २००१ मध्ये त्याचा कोड मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि नारिंगी-पांढऱ्या शंकूचं व्हीएलसी जगभर पसरलं. आपल्यापैकी कोणी ते वापरलं नसेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे मात्र तो काळ व्हीसीडीचा. १९९३ साली ठरलेलं हे मानक. एका सीडीत साधारण ७४ मिनिटं मावायची, त्यामुळे नाटक असो वा सिनेमा, दोन नाहीतर तीन चकत्या. मध्यंतर दिग्दर्शक ठरवायचा नाही, चकती ठरवायची. आमच्या पिढीने कितीतरी सिनेमे होस्टेलच्या खोलीत पंधरा इंची मॉनिटरभोवती आठ जण दाटीवाटीने बसून पाहिले आहेत. हाच सिनेमा टीव्हीवर लावता आला तर काय मजा येईल, हे प्रत्येकाच्या मनात येऊन गेलेलं आहे. घरगुती थिएटरच्या पीसीची मूळ प्रेरणा ती हीच.

या कथेतलं सगळ्यात घडामोडींचं वर्ष २००२. त्या एका वर्षात तीन वाटा फुटल्या.

पहिली वाट वैतागलेल्या गिऱ्हाइकाची. आयझॅक रिचर्ड्स नावाचा अमेरिकन प्रोग्रॅमर आपल्या केबलवाल्याच्या डब्याला कंटाळला होता. चॅनेल बदलायला वेळ लागतो, जाहिराती फार. मग त्याने स्वतःच मिथटीव्ही लिहायला घेतलं. मिथटीव्ही बसवणं म्हणजे एक व्रतच होतं. ट्यूनर कार्ड, ड्रायव्हर, डेटाबेस, रिमोट, सगळ्यांना एकेक करून प्रसन्न करून घ्यावं लागे. पण एकदा चाललं की घराच्या मालकीचं.

दुसरी वाट मोठ्या कंपनीची. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. सुरुवातीला ती नव्या पीसीबरोबरच मिळायची, सुटी नाही. हिरव्या बटणाचा रिमोट, आणि दहा फुटांवरच्या सोफ्यावरून वाचता येतील अशी मोठी अक्षरं. ही 'दहा फुटांची' कल्पना फार महत्त्वाची. कॉम्प्युटरचा पडदा आपण दोन फुटांवरून, पुढे वाकून बघतो. टीव्ही रेलून बघतो. पीसी दिवाणखान्यात आणायचा तर त्याचं बोलणंच बदलायला हवं, हे मायक्रोसॉफ्टला नेमकं समजलं होतं.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडणारी. त्याच मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स हा खेळांचा डबा २००१ च्या शेवटी आला होता. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, आत हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह. काही हौशी मंडळींच्या लक्षात आलं की हा तर स्वस्तातला पीसी आहे, आणि टीव्हीला जोडलेलाच आहे! कुलूप तोडून त्यांनी त्यावर एक्सबॉक्स मीडिया प्लेअर चालवला. त्याचंच पुढे एक्सबॉक्स मीडिया सेंटर, म्हणजे एक्सबीएमसी झालं, आणि जून २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. मायक्रोसॉफ्टची साधनं वापरून ते तयार व्हायचं, त्यामुळे तयार प्रोग्रॅम वाटणं कायद्यात बसत नव्हतं. म्हणून ही मंडळी फक्त कोड द्यायची, बाकी ज्याचं त्याने बघावं! एकाच कंपनीचा महागडा अधिकृत मार्ग आणि तिच्याच खेळण्यावर पोरांनी बांधलेला चोरवाटेचा मार्ग, दोन्ही एकाच वेळी चालू होते. कोण टिकलं ते पुढे येईलच.

आपल्याकडे या सगळ्याचा प्रसाद टीव्ही ट्यूनर कार्डाच्या रूपाने आला. केबलवाल्याची वायर थेट पीसीत खुपसायची आणि क्रिकेटची मॅच रेकॉर्ड करायची. पण केबलचं डिजिटायझेशन झालं, मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुण्या-नाशकाकडे ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, आणि सगळे चॅनेल सेट टॉप बॉक्सच्या कुलपात गेले. ती जुनी कार्डं एका फटक्यात निरुपयोगी झाली. कार्डात काही बिघाड नव्हता. पलीकडचा माणूस बदलला, एवढंच. हे वाक्य ध्यानात ठेवा, बखरीचं सार त्यातच आहे.

पुढचा टप्पा २००८. एक्सबीएमसी एव्हाना एक्सबॉक्समधून बाहेर पडून पीसीवर आलं होतं. त्याच्या कोडमधून दोन फांद्या फुटल्या, प्लेक्स आणि बॉक्सी. वेस्टर्न डिजिटलचा डब्ल्यूडी टीव्ही हा छोटा डबाही त्याच वर्षीचा. यूएसबी डिस्क लावा आणि बघा, पीसीची कटकटच नाही. आणि मे महिन्यात अमेरिकेत नेटफ्लिक्स दाखवणारा शंभर डॉलरचा एक डबा आला, रोकू. काढणारा कोण? तोच अँथनी वुड! जपानी भाषेत रोकू म्हणजे सहा. ही त्याची सहावी कंपनी. ज्या माणसाने १९९९ मध्ये हार्ड डिस्क असलेला डबा विकला, त्यानेच नऊ वर्षांनी ती काढून टाकलेला डबा विकला. पहिल्या डब्यात कार्यक्रम आपल्या घरात साठत होता, दुसऱ्यात तो कायम दुसऱ्याच्या घरी राहणार होता. इतका मोठा बदल झाला आणि त्याचा फारसा गाजावाजाही झाला नाही.

नंतरचं भराभर सांगतो. २०१२ मध्ये पस्तीस डॉलरचा रास्पबेरी पाय आला. त्यात एच.२६४ उलगडणारं हार्डवेअर असल्यामुळे एवढासा बोर्ड एचडी सिनेमे दाखवू लागला. एमपीईजी-२ साठी मात्र सुमारे अडीच पौंडांचा वेगळा परवाना घ्यावा लागे. २०१३ मध्ये पस्तीस डॉलरचंच क्रोमकास्ट आलं. २०१४ मध्ये एक्सबीएमसीने कोडी हे नाव घेतलं. भारतात २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आणि सप्टेंबरात जिओ आलं, आणि काका-मावश्यांच्या तोंडी 'स्ट्रीमिंग' हा शब्द बसला.

आता मृतांची यादी. बॉक्सी २०१३ मध्ये सॅमसंगने विकत घेतलं आणि ते संपलं. विंडोज १० मधून २०१५ मध्ये मीडिया सेंटर काढून टाकलं गेलं. क्रोमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं गुगलने २०२४ मध्ये जाहीर केलं. आणि चोरवाटेवरच्या पोरांचं एक्सबीएमसी? ते कोडी या नावाने अजून धडधाकट आहे. व्हीएलसीही आहे. ज्यांचा कोड खुला होता आणि जे कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नव्हते, ते तगले.

तुम्ही म्हणाल, सिनेमे काय, हा डबा गेला तर दुसऱ्यावर बघू. सिनेमांपुरतं मान्य. पण आमच्या घरात दादाच्या मुंजीची १९९१ सालची व्हीएचएस कॅसेट आहे. तिच्यात आजोबा पाटावर बसून व्हिडिओवाल्याशी बोलतात, जेमतेम चाळीस सेकंद. त्यांचा आवाज जगात तेवढ्या एकाच ठिकाणी आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. ती चाळीस सेकंदं कुठल्या सेवेवर येणार नाहीत आणि कुठली कंपनी सांभाळणार नाही. आईला ती बघता आली पाहिजेत, आणि आमच्या मुलांच्या मुलांनाही. डबा निवडताना माझ्यासमोर एवढीच कसोटी होती.

म्हणून आमच्याकडे दोन वेगळी यंत्रं आहेत. स्ट्रीमिंगच्या सेवांसाठी एक साधी, अधिकृत मान्यता असलेली कांडी. या सेवा पूर्ण तपशिलाचं चित्र त्यांनी मान्य केलेल्या यंत्रांनाच देतात, त्यामुळे तिथे हौशी पीसीवर डोकं फोडण्यात अर्थ नाही. कांडी दोन-चार वर्षांत जुनी होणार हे धरूनच घ्यायची. आणि घरच्या गोष्टींसाठी पंखा नसलेला छोटा पीसी, त्यावर लिब्रइलेक, म्हणजे फक्त कोडी चालवण्यापुरतं लिनक्स. पंखा नसणं महत्त्वाचं, नाहीतर शांत प्रसंगात भुंगा ऐकू येतो.

बसवताना या गोष्टी सांभाळा. वायफायऐवजी शक्य असेल तर तार ओढा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने सगळं चालतं आणि ज्येष्ठांच्या हातात तिसरा रिमोट द्यावा लागत नाही. आपल्या कॅसेटचं चित्रण पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चौकटी, त्याही अर्ध्या-अर्ध्या गुंफलेल्या. त्यासाठी टीव्ही ५० हर्ट्झवर चालू द्या आणि डीइंटरलेसिंग चालू ठेवा, नाहीतर हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. चित्र ताणून पडदाभर करू नका. जुनं चित्र चारास तीन असतं. ते ताणलं की अख्खं खानदान जाड दिसतं आणि मावशी रागावते! आईला संवाद नीट ऐकू येत नव्हते, म्हणून आवाजाच्या सेटिंगमध्ये पाच स्पीकरऐवजी दोनच आहेत असं सांगितलं, लगेच फरक पडला.

फायलींना अशी नावं द्या की डबा गेला तरी नावावरून कळेल: आधी वर्ष, मग प्रसंग, मग गाव. आणि प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत नागपूरला आत्याकडे आहे. ती तिने गोदरेजच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली ठेवली आहे. तिथे कुणी हात लावायची हिंमत करणार नाही, हे नक्की.

असो. ज्या नातेवाइकांच्या माळ्यावर अजून कॅसेटी असतील त्यांना एकच विनंती. डबा कुठला घ्यायचा ते सावकाश ठरवू, पण कॅसेटी या दिवाळीला येताना बरोबर आणा. चालणारा एक व्हीसीआर माझ्याकडे आहे. तो आणखी किती वर्षं चालेल, सांगता येत नाही.