३० सेंतावो (पोर्तुगीज भारत)

३० सेंतावो हे पोर्तुगीज भारतातील (गोवा, दमण व दीव) कांस्याचे नाणे होय. ते १९५८ व १९५९ या वर्षांचे आढळते.

पूर्वी येथे रूपिया हे चलन होते. एका रूपियाचे १६ टांगा होत. १९५८ मध्ये त्याऐवजी एस्कुदो आणताना १ रूपिया = ६ एस्कुदो हा दर ठरला. एका एस्कुदोचे १०० सेंतावो असल्याने रूपिया ६०० सेंतावोंचा झाला आणि ३० सेंतावो हा त्याचा विसावा भाग ठरला. ६० सेंतावो, ३ एस्कुदो व ६ एस्कुदो ही नाणीही याच हिशोबाची होती. अशा प्रकारे नाव पोर्तुगालच्या चलनाचे आले, तरी मोजणी रूपियाला धरूनच राहिली.

डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीनंतर एस्कुदोची जागा भारतीय रुपयाने घेतली.