खेळण्याच्या पायथ्याचा इराणी मुदपाक

सनदा, महजर, निवाडे, वंशावळी हे कागद हातीं आले म्हणजे संग्राहकाचें चित्त प्रसन्न होतें. त्यांच्याच रुमालांत बांधलेल्या शिध्याच्या याद्या, कोठीचे हिशेब व पाकक्रियेचीं टांचणें मात्र 'किरकोळ' या सदरांत जातात; आणि किरकोळ म्हणजे उंदरांची जहागीर. हा दोष मीं दुसऱ्यावर ढकलीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मलकापुरीं एका घरीं मोडी कागदांचा एक रुमाल पाहावयास मिळाला. त्यांतील दोन इनामपत्रें मीं उतरून घेतलीं. बाकीच्यांत तूप, मसाला, पाखरें असे शब्द दिसले म्हणून तो गठ्ठा तसाच बांधून परत केला. दुसऱ्या वर्षीं दसऱ्यानंतर पुन्हां गेलों तेव्हां तो न्हाणीघरांतील बंबांत जळून गेला होता. इनामपत्रांतील मजकूर अन्यत्र छापून झालेला निघाला. जळाला तोच नवा होता. प्रस्तुत लेख त्या चुकीच्या रुखरुखींतून लिहिला आहे. इराणी पद्धतीची कोंबडी या डोंगरपट्ट्यांत घरोघर कशी शिजली असेल, व तिचा माग कोणत्या साधनांनीं लावतां येईल, एवढाच त्याचा विषय.

मलकापूर हें शाहूवाडी तालुक्यांतील गांव कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर, आंब्याच्या घाटाच्या अलीकडे आहे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगडकर पंत प्रतिनिधींचें ठाणें गडावरून येथें आलें, म्हणून दप्तरें हुडकणारांस हें नांव परिचित आहे. परंतु आपल्या विषयाचा धागा त्याच्या चारशें वर्षें मागें जातो. विशाळगड म्हणजे बहमनी तवारिखांतील खेळणा. १४५३ च्या सुमारास खलफ हसन बसरी हा बहमनी सरदार शिर्क्यांच्या भरंवशावर खेळण्याच्या रानांत शिरला आणि सैन्यासह कापला गेला. त्याच सुमारास इराणांतील गिलान प्रांताचा एक प्रौढ व्यापारी दाभोळ बंदरीं उतरून बेदरास गेला. तो महमूद गवान. मारल्या गेलेल्या सरदाराचा 'मलिक-उत्-तुज्जार' हा किताब पुढें त्यालाच मिळाला, आणि खेळण्याचें उरलेलें कामही त्याच्याच वांट्यास आलें. (मलकापूर या नांवांत 'मलिक' दिसतो म्हणून गांवाची स्थापना गवानाच्या पदरीं बांधण्याचा मोह होतो, पण मलकापूर वऱ्हाडांतही आहे, कऱ्हाडाजवळही आहे, तेव्हां हा मोह आवरलेला बरा.)

या मोहिमेंतील एक गोष्ट फिरिश्त्यानें नोंदली आहे, तिच्याकडे राजकीय इतिहास लिहिणारांनीं ओझरतें पाहिलें. खेळण्याचा वेढा लांबला, पाऊस आला, तेव्हां गवानानें घाटांच्या नाक्यांवर या हवेस सरावलेलें पायदळ ठेविलें आणि स्वतः कोल्हापूर प्रांतीं येऊन, गवताचीं छपरें घालून, पावसाळा काढला. छावणी म्हटली म्हणजे चुली आल्या. येथें इराणी स्वयंपाक आला तो दरबाराच्या थाटानें नव्हे. गळक्या छपराखालीं, ओल्या सरपणावर आला. गवानासारख्या परदेशी अमीरांस दक्षिणेंत 'आफाकी' म्हणत. इराण, तुराण, अरबस्तान येथून आलेले हे लोक आपलें जेवण आपल्या रीतीनें शिजवून घेणारे होते.

खुद्द गवान काय व कसें जेवी, याविषयीं दोन साक्षी आहेत, आणि त्या एकमेकींस छेद देतात. रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या आसपास बेदरास होता. मलिक-उत्-तुज्जाराच्या घरीं रोज पांचशें माणसें जेवावयास बसतात, त्यांत तीन वजीर त्याच्याच दस्तरखानावर असतात, असें तो लिहितो. फिरिश्ता सांगतो तें निराळें : गवान चटईवर निजे, त्याचें अन्न मातीच्या भांड्यांत शिजे, आणि स्वतःच्या पोटाचा खर्च तो इराणाहून आणलेल्या व्यापारी भांडवलाच्या नफ्यांतून करी. दोहोंपैकीं एक साक्षीदार खोटा, असें ठरविण्याचें कारण दिसत नाहीं. निकितिनानें सरकारी पंगत पाहिली, फिरिश्त्यानें घरची चूल ऐकली. मोठ्या घरांत दोन मुदपाक असत. एक मानासाठीं, एक पोटासाठीं. आपण शोधतों तो दुसरा. कारण मातीचें मडकें कोणत्याही शेतकऱ्याच्या घरीं असतें, आणि अमिराच्या मडक्यांतली रीत शिपायाच्या, तेथून गांवच्या मडक्यांत उतरण्यास राजाज्ञा लागत नाहीं.

त्या मडक्यांत कोंबडी होती काय? दक्षिणेंत आलेल्या इराणी पाहुण्याच्या शिध्याची नक्की यादी एका ठिकाणीं सांपडते. हेरातचा वकील अब्दुर्रझ्झाक १४४३ मध्यें विजयनगरास होता. त्याला रोज दोन मेंढ्या, कोंबड्यांच्या चार जोड्या, पांच मण तांदूळ, एक मण लोणी, एक मण साखर आणि दोन वराह मिळत, असें त्यानें स्वतः लिहून ठेविलें आहे. (तो मण आजचा मण नव्हे, हें सांगणें नकोच.) शिधा कोरडा व जिवंत येई, शिजविणारे वकिलाचे लोक. आठ कोंबड्या, तांदूळ, लोणी, साखर! इराणी पुलावाचें सारें सामान या एका ओळींत आहे. जो विचार आपण तैनातीच्या यादीविषयीं करतों, तोच शिध्याच्या यादीविषयीं केला तर हातीं काय लागतें, त्याचा हा दाखला.

पाककृतींचे प्रत्यक्ष ग्रंथही त्या काळचे उपलब्ध आहेत. मांडूच्या घियासशाह खिलजीचा (१४६९–१५००) सचित्र 'निअमतनामा' गवानाच्याच पिढींतला. त्याची एकमेव ज्ञात प्रत लंडनला आहे. इराणांत हाजी मुहम्मद अली बावर्ची यानें १५२१ मध्यें पाकशास्त्राचें 'कारनामा' लिहिलें. शाह अब्बासाचा आचारी नूरुल्ला याचें 'माद्दतुल्-हयात' १५९४-९५ चें. हीं दोन्ही पुस्तकें इरज अफशार यांनीं १९८१ त एकत्र छापलीं. 'बावर्ची' हा शब्द आपल्या कागदांत 'बबर्जी' होऊन वावरतो, हें वाचकांच्या ध्यानांत असेलच. परंतु घरीं करून पाहण्याजोगें नेमकें प्रमाण अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'ंत मिळतें. त्यांत 'मुसम्मन' नांवाची कोंबडी आहे. आख्ख्या कोंबडीचीं सारीं हाडें मानेवाटे काढावयाचीं, पक्षी अखंड राहिला पाहिजे. मग अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप, पांच अंडीं, पाव शेर कांदा, दहा मिस्काल धणे, दहा मिस्काल आलें, पांच मिस्काल मीठ, तीन मिस्काल मिरीं, अर्धा मिस्काल केशर. अकबरी शेर तीस दामांचा, म्हणजे सुमारें ६३० ग्रॅमचा, आणि मिस्काल साडेचार ग्रॅमच्या आसपास धरावा.

हा प्रयोग मीं घरीं करवून पाहिला. करवून म्हणण्याचें कारण, विळीवर बसण्याचा अधिकार मला नाहीं. प्रमाण वाचून दाखवितांच वहिनींनीं विचारलें, "भावोजी, एवढ्या तुपात कोंबडी शिजवायची का पोहायला सोडायची?" तूप निम्म्यावर आलें. केशराचा हिशेब दोन ग्रॅमांवर जातो. तो वहिनींनीं ऐकून घेतला आणि चार काड्या टाकल्या. मानेवाटे हाडें काढण्यास विळी कुचकामाची ठरली, बारीक सुरीनें दीड तास लागला, आणि एका तंगडीपाशीं कातडें फाटलें तें दोऱ्यानें शिवावें लागलें. ग्रंथांत ही अडचण नाहीं. लिहिणारा सुरी धरणारा नव्हता, एवढें त्यावरून कळतें. मिऱ्यांचें प्रमाण मात्र आम्हीं मोडलें नाहीं, आणि तेथेंच एक समज पार गेला. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत आली, म्हणून त्यापूर्वींचें जेवण सौम्य असलें पाहिजे, असें आपण धरून चालतों. तेरा-चौदा ग्रॅम मिरीं एका कोंबडींत घालून पाहावीं. कोल्हापूरच्या तिखटावर वाढलेलीं आमच्या घरचीं मुलें दुसऱ्या घांसाला पाणी मागूं लागलीं.

आतां या प्रांताच्या चुलीकडे. इराणी पदार्थांचीं नांवें येथें फारशीं उरलीं नाहींत; उरले ते क्रियांचे आणि साधनांचे शब्द. खिमा, दम, मसाला, तवा, डेग, रकाबी हे शब्द फारसी-अरबी आहेत हें सांगितल्यावांचून कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. खेड्यापाड्यांत मांसाच्या पातळ रसास 'शेरवा' म्हणतात, तो फारसीचा 'शोरबा'. दारांत चरतांना पांखरूं कोंबडीच राहिलें, 'मुर्ग' झालें नाहीं. मडक्यांत पडल्यावर त्याचा शेरवा झाला. सर्वांत मौजेचा शब्द 'मुदपाकखाना'. अठरा कारखान्यांच्या यादींत तो 'मुदबखखाना' असा येतो, म्हणजे अरबी-फारसी 'मत्बख'. लोकांच्या कानांनीं 'बख'चा 'पाक' केला आणि शब्द संस्कृताच्या पंगतीस बसविला. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितांनीं राजव्यवहारकोश रचला, त्यांत भोग्यवर्ग हा स्वतंत्र वर्ग घालून असल्या शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. दरबारीं पत्रांत त्यांपैकीं कांहीं चालले असतील. चुलीपाशीं तवा तवाच राहिला.

'कंदुरी' हा शब्द तर विशाळगडाच्या वाटेवरचाच. फारसींत कंदूरी म्हणजे जेवणाचें वस्त्र, ज्यावर अन्न मांडतात तें. पुढें त्यावरील नवसाचें जेवण. गडावरील हजरत मलिक रैहान यांच्या दर्ग्यास दोन्ही धर्मांचे लोक नवस बोलत आले, आणि नवस फिटला म्हणजे बकरा किंवा कोंबडा शिजवून माणसें जेवूं घालीत आले. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं सरकारी पुरातत्त्व खात्यानें गडावर प्राणिहत्येस मनाई केली व त्यावर उच्च न्यायालयांत दाद मागितली गेली. त्या वादांत शिरण्याचें या लेखास प्रयोजन नाहीं. शब्दापुरतें इतकेंच पाहावें कीं, निकितिनानें वजिराच्या घरीं पाहिलेलें दस्तरखान आणि येथील नवसाची कंदुरी, दोहोंच्या मुळाशीं एकच वस्त्र अंथरलेलें आहे.

शेवटीं पांढऱ्या रश्श्याविषयीं, कारण तो प्रश्न मला हमखास विचारला जातो. कोंबडी किंवा मटण आलें-लसणांत शिजवून अळणी पाणी काढावयाचें, त्यांत नारळाचें दूध, खसखस, तीळ, काजू यांचें वाटण मिळवावयाचें, आणि लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरीं अख्खीं फोडणीस टाकावयाचीं. तांबडें तिखट नाहीं, हळद नाहीं. आईनांतील यखनींत मांस दहा शेर, कांदा एक शेर व मीठ अर्धा शेर, याखेरीज कांहीं नाहीं. आधीं निवळ अर्क काढावा, मग त्याचें रूप करावें, ही रीत दोहोंत समान आहे. सुकामेव्यानें किंवा दाण्यांनीं रस दाट करण्याची चालही इराणी आहे. गवानाच्या गिलानांत आजही अक्रोड व डाळिंबाच्या रसांत पाखरूं शिजवितात. म्हणून पांढरा रस्सा गवानाच्या छावणींतून आला, असें कोणी म्हणूं लागल्यास मी त्यांच्यांत नाहीं. काजू पोर्तुगीजांचा, नारळ कोंकणचा. आणि मांस शूलावर भाजण्याची व दह्यांत मुरविण्याची विद्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त, ११३१ च्या सुमारास, म्हणजे गवानापूर्वीं साडेतीनशें वर्षें आहेच. दोन पदार्थ सारखे दिसले म्हणजे त्यांचें नातें सिद्ध होत नाहीं. दोन गांवच्या दोन पाटलांच्या मिशा सारख्या असतात म्हणून आपण वंशावळ जोडीत नाहीं. शब्दांचा पुरावा भक्कम आहे, रितीचा संभवनीय आहे. मधली साडेपांचशें वर्षें भरून काढील असा पुरावा कागदाचाच हवा.

तो कागद कोठें शोधावा, याविषयीं एक सूचना. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायानें ग्रामकुक्कुट निषिद्ध ठरविला आहे, तेव्हां ब्राह्मण जहागीरदारांच्या स्वयंपाकाच्या टांचणांत कोंबडी शोधणें व्यर्थ. परंतु देणाराच्या चुलीवर जें चढत नाहीं तें पाहुण्याच्या शिध्यांत असूं शकतें. म्हणून शिलेदार, गारदी, वकील, फकीर यांस दिलेल्या शिध्याच्या याद्या, दर्ग्याच्या उरुसाचा खर्च, बबर्जीचा रोजमुरा आणि पाखरांची आमदानी, हीं चार सदरें आधीं पाहावींत. मलकापूर, शाहूवाडी, पन्हाळा, बावडा या बाजूच्या ज्या गृहस्थांच्या रुमालांत असे बंद असतील, त्यांनीं अस्सल जवळच ठेवून नक्कल मंडळाकडे धाडावी. मोडी वाचतां येत नसल्यास छायाचित्र चालेल. कागद तुपानें डागाळलेला असला तर तो आधीं पाठवावा.